हँडल कोण फिरवत होतं?

दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन १९०१च्या डिसेंबरात मुंबईला परतले, तेव्हा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी त्या प्रसंगाचं चित्रण केलं. आपल्याकडच्या वृत्तपटाची सुरुवात इथून मानतात. त्याआधी, १८९९मध्ये, सावेदादांनी हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती टिपली होती. परांजपे कॅमेरा नसता तरी परतलेच असते. बागेतली ती कुस्ती कॅमेऱ्याशिवाय तिथे झाली असती का?

मी शिक्षक नाही. जुन्या चित्रपटांचा नाद आहे हे कळल्यामुळे इंग्रजीच्या एका बाईंनी गेल्या वर्षी मला नववीच्या वर्गावर बोलावलं. वर्गाची व्याख्या तयार होती: माहितीपट खरा, चित्रपट खोटा. मी त्यांना 'चित्रपट कसे तयार करतात' या १९१७च्या मूकपटाचे उरलेले तुकडे दाखवले. दादासाहेब फाळके कलाकारांना सूचना देताहेत, फिल्म तपासताहेत. माणूस खरा, काम खरं. पण फाळके कॅमेऱ्यासमोर असतील, तर त्या वेळी हँडल कोण फिरवत होतं? आणि आपल्यावर कॅमेरा रोखलेला आहे हे ठाऊक असलेला दिग्दर्शक दिग्दर्शन करतो, की दिग्दर्शकाची भूमिका? वर्गात बराच वेळ वाद झाला.

हा लघुपट काही मॉक्युमेंटरी नव्हे. मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचं सोंग. शिमग्यात आमच्याकडे खेळ्यांमध्ये संकासुर येतो, त्याच्या टोपीदाढीआड वाडीतला कोण आहे हे पोरांनाही माहीत असतं. मॉक्युमेंटरी तेवढंच लपवते, निदान थोडा वेळ. उत्तम नमुना बीबीसीचा आहे. १ एप्रिल १९५७ला 'पॅनोरमा' या भारदस्त कार्यक्रमात सुमारे तीन मिनिटं स्वित्झर्लंडमधला स्पॅगेटीचा हंगाम दाखवला गेला. बायका झाडांवरून स्पॅगेटी, म्हणजे आपल्या शेवयांची थोरली बहीण, उतरवून उन्हात वाळत घालताहेत. रिचर्ड डिंबलबींचा गंभीर आवाज सांगतोय की यंदा थंडी सौम्य होती, स्पॅगेटीवरची कीडही जवळजवळ नाहीशी झाली आहे. तुडतुडे कमी म्हणून मोहोर टिकला, असं आपण म्हणतो ना, अगदी तसं! हे झाड कसं लावायचं, असं विचारणारे फोन बीबीसीला आले. त्या प्रेक्षकांना मूर्ख ठरवू नये. त्या काळी इंग्लंडात स्पॅगेटी रोजच्या जेवणातली नव्हती, आणि डिंबलबींचा आवाज विश्वासाचा होता.

फसवलं ते चित्रांपेक्षा निवेदनानं, म्हणून हा विषय इंग्रजीच्या तासाला शोभतो. कर्ता गाळलेली कर्मणी वाक्यं, 'तज्ज्ञांच्या मते', नेमके वाटणारे तपशील: हे सगळं व्याकरणच आहे. मुलं कर्मणी प्रयोग परीक्षेपुरता घोकतात. तो कशासाठी वापरतात हे त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

बाईंनी मग काजूच्या बागेची आवाज नसलेली दोन मिनिटं मोबाइलवर टिपून आणली आणि मुलांना दोन इंग्रजी निवेदनं लिहायला सांगितलं, एक खरं आणि एक सोंगाचं. घोळ झाला तो खऱ्यातच. बी फळाच्या बाहेर, बोंडाच्या टोकाला लोंबते, हे आमच्या पोरांना नवं नाही. पण बदलीवर आलेल्या एका अधिकाऱ्याच्या मुलीनं काजू फक्त पाकिटात पाहिला होता. तिला हेच वाक्य थाप वाटलं, आणि बोंडाच्या पोटातून बी काढणारं सोंगाचं निवेदन खरं वाटलं. ते निवेदन, खरं सांगायचं तर, जास्त चांगल्या इंग्रजीत लिहिलेलं होतं.

बाईंना अडचण पडली ती गुणांची. निवेदन सरस, माहिती खोटी. दहापैकी किती द्यायचे? त्यांनी आठ दिले, आणि मुलांना आपल्याच निवेदनातल्या कर्ता लपवलेल्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायला लावली. खऱ्या निवेदनांतही पुष्कळ रेघा निघाल्या.