घरचा टोनआर्म : ऐकीव काय, खरं काय

पहिला टोनआर्म मी सागवानाचा केला. सुताराकडून तासून घेतलेली दांडी, दोन हात पॉलिश, टोकांना पितळी टोप्या. दिसायला राजेशाही. मग उन्हात राहून किंचित वाकलेली नाट्यसंगीताची एक एलपी लावली, तर स्पीकरचा पडदा आत-बाहेर डुलायला लागला आणि तिसऱ्या मिनिटाला सुईने खाच सोडली. दोष सागवानाचा नव्हता. ‘दांडी जड तर आवाज भरदार’ असं कुणाकडून तरी ऐकलं होतं आणि दोन मिनिटांचा हिशेब टाळला होता.

टोनआर्मला दोन उलटी कामं एकदम करायची असतात. गाण्याच्या कंपनांना त्याने जागचं हलायचं नाही, पण तबकडीच्या चढउतारांबरोबर मुकाट वर-खाली व्हायचं. सुईची दांडी ज्या रबरावर टेकलेली असते ती झाली स्प्रिंग, आणि आर्म तिला लटकलेलं वजन. या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते. आर्मचं इफेक्टिव्ह मास (म्हणजे सुईला जाणवणारं वजन), कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज घ्या, तिला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचीकपणाच्या आकड्याने, गुणा, वर्गमूळ काढा आणि 159 ला त्याने भागा. उत्तर 8 ते 12 हर्ट्झमध्ये आलं की जमलं. वाकड्या तबकडीच्या लाटा साधारण 6 हर्ट्झच्या खाली असतात आणि संगीत 20 च्या वर. मधल्या मोकळ्या जागेत हे उत्तर पडायला हवं. माझ्या आर्मची बेरीज 34 ग्रॅम, कम्प्लायन्स 25. उत्तर साडेपाच. थेट लाटांच्या तोंडी!

यावरून ‘मग हलका आर्मच चांगला’ असं काढू नका, तोही गैरसमजच. कार्ट्रिज ताठ असेल तर हलक्या आर्मने उत्तर वर सरकतं आणि खर्जात घुसतं. शिवाय अनेक जपानी कंपन्या कम्प्लायन्स 100 हर्ट्झला मोजून छापतात. हिशेबाला 10 हर्ट्झचा आकडा लागतो आणि तो छापलेल्याच्या दीडपट-दुप्पट निघतो.

इफेक्टिव्ह मास म्हणजे तराजूवरचं वजनही नव्हे. हेडशेलवरचा एक ग्रॅम पुरता एक ग्रॅम मोजला जातो, दांडीच्या मध्यावरचा पाव ग्रॅम, पिव्हटपाशी जवळपास शून्य. म्हणून पितळ मिरवायचंच असेल तर मागे मिरवा. मागचं वजन वाढवलं की आर्म सुस्त होतो, ही समजूत तर बरोब्बर उलटी आहे. पिव्हटपासून 4 सेंटिमीटरवर 100 ग्रॅम लावा किंवा अडीच सेंटिमीटरवर 160 ग्रॅम, तोल तोच राहतो. पण दुसऱ्या मांडणीत नेहमीच्या नऊ इंची आर्मचं इफेक्टिव्ह मास सुमारे एक ग्रॅमने उतरतं.

आता भूमिती. मूळ तबकडी कापताना कटर त्रिज्येवरून सरळ सरकतो, आपला आर्म मात्र कंसात फिरतो. म्हणून हेडशेल कोनात वळवतात आणि सुई स्पिंडलच्या पुढे, नऊ इंची आर्मला 15 मिलिमीटरच्या आसपास, जाऊ देतात. तेवढं करूनही कोन तंतोतंत जुळतो तो दोनच जागी. लोफग्रेनने 1938 मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे, केंद्रापासून 66 आणि 121 मिलिमीटरवर. बारा इंची आर्मने चूक कमी होते, संपत नाही, आणि इफेक्टिव्ह मास वाढतं. लांबीच्या मोहापेक्षा आर्म बसवायचं भोक मिलिमीटरभरही इकडेतिकडे न जाऊ देणं जास्त फळतं.

आर्म आत ओढला जातो तो खाच सर्पिल असल्यामुळे, असंही सांगतात. खरं कारण घर्षण. सुईवरची ओढ खाचेच्या दिशेने असते, ती रेषा पिव्हटमधून जात नाही, म्हणून आर्म आत वळतो. दोरा आणि छोटंसं लोंबतं वजन एवढ्यावर घरी ही ओढ भागवता येते.

चांदीच्या तारेवर पैसे घालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पण आर्ममधल्या चार तारा ताठ असतील, तर बाहेर पडतानाच त्या आर्मला धरून ठेवतात. त्या केसासारख्या बारीक हव्यात आणि पिव्हटजवळ त्यांचा सैल वेढा हवा. कार्ट्रिजच्या पिनांना थेट सोल्डर लावू नका, क्लिपा वापरा. अडखळण तपासायला 80 जीएसएमच्या साध्या कागदाचा दीड सेंटिमीटरचा चौकोन कापा. तो 18 मिलिग्रॅम भरतो. तोल साधलेल्या आर्मच्या हेडशेलवर तो अलगद ठेवला की आर्म खाली झुकायला हवा. ढिम्म राहिला तर बेअरिंग किंवा तार अडतेय.

आणि सुईचा दाब. ‘कमी दाब, रेकॉर्डला आराम’ हे घरोघरी ऐकू येतं. कमी दाबाची सुई खाचेत उसळते आणि भिंतींवर आपटते; तिने होणारी इजा भरून येत नाही. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात राहा, आणि दाब तबकडीच्याच उंचीवर मोजा.

तो सागवानी आर्म मी टाकून दिला नाही. त्याला डेनॉनचं डीएल-103 लावलं : साडेआठ ग्रॅमचं, ताठ, अडीच ग्रॅम दाब मागणारं. वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागला, पण हिशेबाचं उत्तर नऊच्या जवळ आलं. ती वाकडी एलपी आता शेवटपर्यंत वाजते.