स्प्रूस स्ट्रीटवरची खानावळ

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ॲशव्हिल या डोंगराळ शहरात, स्प्रूस स्ट्रीटवर, पिवळ्या रंगाचे एक ऐसपैस लाकडी घर आहे. खोल्या 29. कादंबरीकार टॉमस वुल्फ याचे बालपण इथे गेले. मात्र त्याची खोली कोणती, हे कुणालाच दाखवता येत नाही, कारण त्याला स्वतःची खोलीच नव्हती. पाहुणे वाढले की पोराची रवानगी दुसरीकडे. ज्या रात्री जी खाट रिकामी, ती त्याची.

घर 1883 साली एका बँकरने बांधले. 1906 मध्ये टॉमसची आई ज्युलिया वुल्फ यांनी ते विकत घेतले आणि तिथे राहण्या-जेवणाची सोय असलेली खानावळ चालवायला घेतली. ‘ओल्ड केंटकी होम’ हे नाव आधीच्या मालकाने ठेवलेले, तेच त्यांनी चालू ठेवले. थंड हवेसाठी आणि क्षयरोगावरच्या उपचारांसाठी ॲशव्हिलची ख्याती होती, आपल्याकडे पाचगणीची होती तशी. गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. ज्युलियाबाईंची नजर व्यवहारी आणि हात आखडता. 1916 मध्ये त्यांनी घर आणखी वाढवले, वीज घेतली.

या घराने कुटुंबाची मात्र फाळणी केली. थडग्यांचे दगड घडवणारे वडील खानावळीचा तिटकारा करत. ते वुडफिन स्ट्रीटवरच्या जुन्या घरीच राहिले आणि इतर मुलेही बहुतेक तिथेच. धाकटा टॉम तेवढा आईबरोबर आला. वुडफिन स्ट्रीटवरचे ते घर आज उभे नाही, खानावळ टिकली. ज्या घरात मुलाचा जीव रमत होता ते गेले आणि ज्यात तो उपरा होता तेच त्याचे स्मारक झाले, याचे मला फार वाईट वाटते. तरीही लेखक घडला तो इथेच. परक्या माणसांची बोलणी, त्यांची आजारपणे, जेवणाच्या टेबलावरची भांडणे, सगळे त्याच्या कानांवर पडत राहिले. ऑक्टोबर 1918 मध्ये त्याचा लाडका भाऊ बेन इन्फ्लुएन्झाच्या साथीत याच घरातल्या माडीवरच्या खोलीत गेला. घर पाहताना सर्वांत जास्त वेळ त्या खोलीसाठी राखून ठेवावा. वुल्फच्या लेखनातले सर्वांत प्रखर दुःख तिथून निघाले आहे.

1929 मध्ये त्याची ‘लुक होमवर्ड, एंजल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ॲशव्हिलचे तिने ‘अल्टामाँट’ केले, खानावळीचे ‘डिक्सीलँड’. पण गावाने आपली माणसे लगेच ओळखली आणि संतापाचा भडका उडाला. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयानेही काही वर्षे ही कादंबरी दूर ठेवली. वुल्फ गावी परतला तो थेट 1937 मध्ये. पुढच्याच वर्षी, अडतिसावे वर्ष पुरे होण्याआधी, मेंदूच्या क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

1949 मध्ये, आई वारल्यानंतर चार वर्षांनी, घर लोकांसाठी खुले झाले. ज्या गावाने लेखकाला वाळीत टाकल्यासारखे केले, त्याच गावाने हे घर जपले, ही मला मोठी गोष्ट वाटते. 1971 मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू ठरले आणि पुढे राज्य सरकारने त्याचा कारभार हाती घेतला. जुलै 1998 मध्ये कुणीतरी मुद्दाम लावलेल्या आगीत जेवणघर आणि छपराचा मोठा भाग जळाला, संग्रहातल्या कितीतरी मूळ वस्तू नष्ट झाल्या. दुरुस्तीला कित्येक वर्षे लागली. त्या वेळी घराला 1916 च्या सुमाराचे रूप द्यायचे ठरले, म्हणजे आईची वाढीव खानावळ आणि मुलगा कॉलेजला निघाला तो काळ. माझ्या मते हा निर्णय अगदी योग्य होता. लेखकासाठी टेबल-खुर्ची मांडून खोटी अभ्यासिका सजवण्यापेक्षा भाडेकरूंच्या खाटा दाखवणे कितीतरी प्रामाणिक आहे.

कादंबरीतला संगमरवरी देवदूत मात्र इथे शोधू नये. वडिलांनी दुकानातून विकलेला तो इटालियन पुतळा दक्षिणेला हेंडरसनव्हिलच्या दफनभूमीत, लोखंडी कुंपणाआड आहे. वेळ काढून तोही पाहून यावा.