एका पत्राचे बळ : आरेचे जंगल आणि तरुण पिढी

हवामानबदल हा विषय आपल्या यवतमाळ जिल्ह्याला आता केवळ पुस्तकातून शिकावा लागत नाही. पावसाच्या दीर्घ खंडाने कपाशी करपते आणि पुढे एकाच रात्रीच्या अतिवृष्टीने तेच शेत खरडून जाते. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले, तेव्हा वायुदलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा काळात वसतिगृहात शिकणाऱ्या मुलामुलींनी काय करावे? झाडे लावावीत, हे उत्तर खरेच आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते. मुंबईतील आरे वसाहतीच्या लढ्यात विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या एका पत्राची हकीकत म्हणूनच येथे सांगत आहोत.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे परिसरात आदिवासींचे २७ पाडे आहेत. मेट्रो-३ च्या कारशेडसाठी तेथील २,१८५ झाडे तोडण्यास महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये मंजुरी दिली. नागरिकांच्या ८० हजारांहून अधिक हरकती आल्या होत्या. ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालू लागल्या. अडवावयास धावलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते.

दोन दिवसांनी, ६ ऑक्टोबर रोजी, कायद्याचे शिक्षण घेणारे ऋषव रंजन आणि त्यांचे सहाध्यायी यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून तातडीने हस्तक्षेप करण्याची विनंती केली. दसऱ्याची सुटी असूनही सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली. ७ ऑक्टोबर रोजी विशेष खंडपीठ बसले, पुढील वृक्षतोड थांबली आणि अटकेतील सर्वांना सोडण्याचे निर्देश मिळाले.

साध्या पत्राला हे बळ कोठून आले? मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ ने दिला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत याच तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. पुढे १९७९ मध्ये तुरुंगातील एका कैद्याच्या पत्राची दखल याचिका म्हणून घेतली गेली आणि ज्याच्याजवळ वकील नाही, पैसा नाही, त्याच्यासाठीही न्यायालयाचे दार उघडले. आरेच्या विद्यार्थ्यांनी हेच दार ठोठावले.

या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. स्थगिती मिळाली तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रोमुळे रस्त्यावरील वाहने आणि धूर कमी होईल, हा शासनाचा युक्तिवादही पोकळ नव्हता. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा आणि आरेतील सुमारे ८०० एकर क्षेत्र वन म्हणून राखण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत आली. न्यायालयाने ८४ झाडांपुरती परवानगी दिली असता मेट्रो महामंडळाने अधिक झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केला. त्याबद्दल एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने महामंडळास १० लाख रुपये भरावयास लावले. मात्र १७७ झाडे हटविण्यास मुभाही दिली. म्हणजे लढा पूर्णतः जिंकला गेला नाही; पण प्रत्येक झाडाचा हिशेब द्यावा लागेल, हे प्रस्थापित झाले.

उत्तराखंडातील रिधिमा पांडे हिने वयाच्या नवव्या वर्षी, २०१७ मध्ये, हवामानबदलाबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला होता. तो २०१९ मध्ये निकाली काढला गेला. तरीही ती थांबली नाही. त्याच वर्षी इतर १५ मुलांसह तिने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार नोंदविली. पुढे मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद १४ व २१ मध्ये मान्य केला. आज अर्ज लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती २०१९ पेक्षा अधिक भक्कम आधार आहे.

हा आधार मुंबई-दिल्लीपुरता नाही. नागरी भागातील झाडांसाठी १९७५ चा राज्य कायदा आहे. त्यानुसार झाड तोडण्यापूर्वी हरकती मागवाव्या लागतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. आपल्या गावात ती आहे काय, गावातील झाडे, बियाणे, पाणवठे यांची नोंदवही झाली आहे काय, एवढे विचारणारा अर्ज आठवीतला विद्यार्थीही लिहू शकतो. तारीख, ठिकाण, झाडांची संख्या, मागणी आणि पोहोच, एवढे नीट असले की अर्ज उभा राहतो.

आमच्या माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, शिक्षक आहेत, कार्यालयांत काम करणारे आहेत. त्यांनी सुटीच्या एखाद्या दिवशी शाळेत येऊन मुलांना असा अर्ज लिहावयास शिकवावे आणि पालकांनी मुलांनी लिहिलेला अर्ज ग्रामसभेत वाचू द्यावा. झाड लावणारे हात आपण घडविले आहेत. त्याच हातांना आता अर्ज लिहिण्याचीही सवय लागो, हीच आमची अपेक्षा.