रबराचं वय

पहाटे साडेचार-पाचला होसकोट्यात बिर्याणीसाठी रांग लागते. बेंगळुरूच्या मध्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर गाडी हाकत लोक येतात, आणि शनिवार-रविवारी बिर्याणीइतक्याच रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या पाहण्यासारख्या असतात. काही जमिनीला टेकतील इतक्या खाली आणलेल्या, काही सायलेन्सर बदलून गुरगुरणाऱ्या, काही समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या. त्या गर्दीत माझी २००६ सालची एस्टीम कुणाच्या नजरेत भरत नाही. बदल तिच्यातही केले आहेत, पण ते बघायचे तर गाडीखाली आडवं व्हावं लागतं.

कानडीत होस म्हणजे नवा आणि कोटे म्हणजे किल्ला. नावाप्रमाणे गावाला नव्याचीच हौस. व्होल्व्होचे ट्रक इथे १९९८ पासून बनतात, २०१७ पासून त्यांच्या मोटारींची जुळणीही होते. चेन्नईकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग इथूनच सुटतो. मराठी माणसाची या वाटेवरची ये-जा मात्र जुनी. होसकोटे शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि ऑगस्ट १७६८ मध्ये हैदरअलीने मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्री घातलेला छापा इथेच फसला. आजची मराठी वस्ती व्हाइटफील्डच्या आयटी कंपन्यांनी आणलेली. तिचे छापे सकाळी नऊला के. आर. पुरमच्या पुलावर फसतात.

रोज तसल्या गर्दीत घासायला नवी गाडी कशाला, हा माझा पहिला विचार. पुण्यातला मावसभाऊ त्याची एमएच पासिंगची गाडी जवळपास फुकट द्यायला तयार होता. पण मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलम सांगतं की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पुण्याची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि कर्नाटकाचा आयुष्यभराचा कर. फुकटची गाडी महाग पडते ती अशी. म्हणून केए नंबरचीच घ्यायची ठरवली. इथे फॉर्म २९ आणि ३० वर काम भागतं. गाडी विकणाऱ्या वाचकांसाठी एक सांगतो: किल्ली दिली म्हणजे गाडी गेली असं होत नाही. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे.

इथलीच गाडी घेण्याला दुसरंही कारण होतं. मुंबईतल्या दोन-तीन जुन्या गाड्या मी पाहिल्या होत्या. वरून चकाचक, पण पायाखालचं मॅटिंग उचललं की पत्र्यातून रस्ता दिसायचा. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातात. होसकोटे समुद्रापासून लांब, सुमारे नऊशे मीटर उंचावरच्या कोरड्या पठारावर. इथली हवा आठेक टक्के विरळ असल्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन थोडं मिळमिळीत वाटतं, पण पत्रा टिकतो. माझ्या गाडीच्या तळाला एकोणीस वर्षांनंतरही कुठे वेल्डिंगचा डाग नाही.

एस्टीमच का, याचं उत्तर वजनात आहे. मारुती १००० च्या सांगाड्यावर १९९४ मध्ये आलेली ही गाडी. पुढे १२९८ सीसीच्या इंजिनाला एमपीएफआय मिळालं आणि ताकद ८५ बीएचपी झाली. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आत. आजच्या जाडजूड गाड्यांपुढे ती हलकी, चारी बाजूंनी स्वच्छ दिसणारी आणि मिस्त्रीला पाठ असलेली.

मिस्त्रीला सगळे भाई म्हणतात, मीही म्हणतो. जुन्या बेंगळुरूतल्या बऱ्याच गॅरेजांची बोली दखनी, आणि तिच्यातला ‘नक्को’ हा आपला ‘नको’च, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. मी फोनवर यादी करून नेली होती: कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, आखूड स्प्रिंगा. भाईने ती वाचलीसुद्धा नाही. गाडीखालून त्याचा आवाज आला, “इंजन को हात नक्को लगाओ सार, पैले रबरां देखो.”

त्या एका वाक्याने माझा सगळा बेत फिरला. आपण जुनी गाडी घेताना किलोमीटर विचारतो. ‘फर्स्ट ओनर, फक्त चाळीस हजार चाललेली’ हे ऐकून खूश होतो. लोखंड किलोमीटर मोजतं, हे खरं. पण रबर मोजतं वर्षं. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकाबरोबर तापवलं, तेव्हा त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या दुव्यांनी बांधल्या गेल्या आणि चिकट लगदा लवचीक झाला. हे बांधणं कारखान्यात पुरतं थांबत नाही. बोनेटखालच्या उष्णतेत आणि हवेतल्या ऑक्सिजनने दुवे वाढत जातात, रबर कडक होतं. ताणलेल्या जागी ओझोन ताणाला आडव्या भेगा पाडतो. उभी राहिलेली गाडीही म्हातारी होते, ती अशी.

लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, स्टॅबिलायझरचे रबर, ॲक्सलचे बूट, रेडिएटरचे होज, ब्रेकचे होज, दारांचं बीडिंग: यांपैकी एकही वस्तू बोनेट उघडून मित्राला कौतुकाने दाखवण्यासारखी नाही. बीडिंग बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या गुजरीत मिळालं, बाकीचं जे. सी. रोडवर. गुजरीतले सुटे भाग मोडलेल्या गाड्यांचे असतात, त्यामुळे पत्रा, काच, दाराच्या कड्या तिथून खुशाल घ्याव्यात, पण बुश आणि होज कधीच नाही. जुन्याच्या जागी जुनंच बसवून काय मिळवायचं? (बीडिंगच्या बाबतीत हा नियम मी मोडला, आणि पहिल्याच पावसात मागचा गालिचा भिजला.) ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट ३ दर्जाचं कोरडं तेल किमान २०५ अंशांवर उकळतं, पाणी मुरलेलं १४० अंशांवरही उकळू शकतं.

सगळं बसल्यावर पहिल्या वळणाला मला वाटलं, स्टिअरिंगच बदललंय. बदललं काहीच नव्हतं. २००६ मध्ये शोरूममधून निघताना ती अशीच वळत असणार. कोन फिल्टर मग मीच यादीतून काढला. तो बोनेटखालची गरम हवा ओढतो, आणि या तालुक्यातल्या रस्त्यांवर उडणाऱ्या दगडाच्या भुकटीपुढे साधा कागदी फिल्टरच बरा. आखूड स्प्रिंगांना तर इथल्या हंपांनीच उत्तर दिलं असतं.

कायदाही योगायोगाने भाईच्याच बाजूचा. कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, के. जयचंद्र खटल्यात सांगितलं की आरसीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. रंग बदलायचा तरी आरटीओला विचारावं लागतं. मला हा कायदा जरा आडमुठा वाटतो. चांगले ब्रेक बसवणारा आणि कर्कश सायलेन्सर बसवणारा असा भेद तो पुरेसा करत नाही. पण मूळ दर्जाचं रबर बसवणाऱ्याला त्याची भीती नाही.

दिव्यांना हात लावलाच. जुन्या गाडीत बॅटरीचा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून, बारीक वायरीने लांबचा फेरा घेऊन बल्बपर्यंत जातो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के घटतो. रिले टाकून जाड वायर थेट बॅटरीपासून नेली आणि बल्ब तोच ६०/५५ वॉटचा ठेवला. टायर १७५/७० आर १३ चेच ठेवले. १८५/६० आर १४ घेतले असते तर व्यास जेमतेम अडीच मिलिमीटरने वाढला असता आणि स्पीडोमीटरला पत्ताही लागला नसता, पण खड्ड्यात रिम वाचवायला टायरची उंच भिंत हवी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी ते आकडे वाचल्याशिवाय टायर घेऊ नये. पुन्हा रबरच.

आणि आता पेट्रोलही त्या रबरावर आलं आहे. पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, आणि त्यातलं काही आपल्या उसातून आलेलं. मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि पुढे १० टक्क्यांपुरत्या जुळवलेल्या मोटारींचं मायलेज यावर ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दिला होता. मायलेजचं मी फार मनावर घेत नाही. काळजी आहे ती जुन्या इंधन-नळ्यांची, कारण इथेनॉल सगळ्याच रबराला मानवत नाही.

नोंदणी पुढच्या वर्षी संपते. आधीच्या मालकाने २०२१ मध्ये ६०० रुपयांत नूतनीकरण केलं होतं. आता वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. गेल्या आठवड्यात भाईला विचारलं, भरायचे का? त्याने उत्तर दिलं नाही. बोनेटखाली वाकून तो इंधनाची नळी दोन बोटांत दाबून पाहत होता. मग बोटं नाकाशी नेली, माझ्यासमोर धरली. पेट्रोलचा वास येत होता.

“पैसे बाद में सार,” तो म्हणाला, “पैले ये नवा लाओ.”