विश्लेषण : कॉफीतले जायफळ येते कुठून? रायगडच्या वाड्यांशी त्याचे नाते काय?

रात्रीच्या जेवणानंतर पाहुणे गप्पा मारत बसले, की अनेक मराठी घरांत चहाऐवजी कॉफी होते. दूध उकळते, साखर आणि कॉफी पडते आणि शेवटी किसणीवर जायफळ दोनदा फिरते. हे जायफळ रायगडच्या किनाऱ्यावरही पिकते, नारळ-सुपारीच्या सावलीत. मात्र 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने ही सावलीच आडवी केली. त्या वाड्या पुन्हा उभ्या राहायला इतकी वर्षे का लागतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

मराठी कॉफी वेगळी कशी?

भारतात कॉफी आली ती येमेनमधील मोखा बंदरातून, असे मानले जाते. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी तिथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. दक्षिणेत त्यातून चिकोरी मिसळलेली, फिल्टरमध्ये उतरवलेली कॉफी रुजली. महाराष्ट्रात रोजचे पेय चहाच राहिले. कॉफी आली ती पाहुण्यांसाठी, उपासाला किंवा लग्नघरातल्या पहाटेसाठी. त्यामुळे ती दुधाळ आणि गोड झाली. बासुंदी, श्रीखंड, पुरणपोळी यांत पडणारे जायफळ-वेलदोडे कॉफीतही आले. मराठी घराने कॉफीला पक्वान्नाचा मान दिला, असेच म्हणावे लागेल.

इतर देश कॉफीत काय घालतात?

मसाला घालण्याची रीत एकट्या महाराष्ट्राची नाही. अरब देशांत ‘गहवा’मध्ये वेलदोडा असतो. ती बिनकानाच्या छोट्या कपात थोडी थोडी ओततात. पुरे झाली, की पाहुणा कप हलवून खूण करतो. या आदरातिथ्याचा 2015 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत समावेश झाला. तुर्की कॉफीचा त्याआधी, 2013 मध्ये झाला होता. येमेनमध्ये कॉफीच्या फळाच्या सालीचा, आले घातलेला ‘किशर’ पितात. मेक्सिकोत मातीच्या भांड्यात दालचिनी आणि गूळ घालून कॉफी उकळतात.

कॉफीचे मूळ घर मात्र इथिओपिया. तिथे पाहुण्यांसमोरच हिरव्या बिया भाजतात, कुटतात आणि ‘जबना’ या मातीच्या सुरईत कॉफी करतात. एका बैठकीत ती तीनदा दिली जाते. तिसऱ्या फेरीला ‘बरका’ म्हणजे आशीर्वाद म्हणतात. इथिओपियाचे जुने नाव आबिसिनिया. मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे तिथलेच.

जायफळ रायगडमध्ये कसे?

जायफळ मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे. या मसाल्यासाठी डचांनी 1621 मध्ये ती बेटे रक्तपात करून ताब्यात घेतली. पुढे हे झाड इतर उष्ण, दमट किनाऱ्यांवर गेले. आज भारतातले बहुतांश जायफळ केरळमध्ये होते. कोकणात ते वाडीतले आंतरपीक आहे.

अलिबाग, चौल, रेवदंडा ते श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात वाडी म्हणजे मजल्यांची शेती असते. वर नारळ, त्याखाली सुपारी, खोडावर मिरीचा वेल, सावलीत जायफळ आणि केळी. जायफळाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून ही जागा त्याला मानवते. पिकलेले फळ उकलते. आत लाल जाळीदार जायपत्री, तिच्याखाली कवच आणि कवचात जायफळ. बी आणि जायपत्री दोन्ही विकली जातात. फळाच्या जाड सालीचे लोणचे, मुरंबा होतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जातीही दिल्या आहेत.

निसर्ग वादळाने काय बिघडले?

अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या या वादळात वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. उंच नारळ-सुपारी मोडून खालच्या झाडांवर पडल्या. जायफळाची मुळे फार खोल नसतात, त्यामुळे ते वाऱ्यात लवकर उन्मळते. जे झाड वाचले, त्याच्या डोक्यावरची सावली गेली.

यानंतर अडचण येते ती काळाची. जायफळात नर आणि मादी झाडे सहसा वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपाला फुले यायला साधारण 6 ते 8 वर्षे लागतात आणि तोवर झाड नर की मादी, हे कळत नाही. म्हणजे 2021 च्या पावसाळ्यात लावलेले रोप 2027 ते 2029 दरम्यान फुलणार आणि ते नर निघाले तर फळ नाहीच. मादी झाडाच्या काडीचे कलम लावले, तर हा धोका टळतो आणि फळही लवकर मिळते. पण त्याआधी सावली उभी राहायला हवी.

मदत अपुरी का पडते?

वादळानंतर राज्य सरकारने बागांसाठी हेक्टरी 50 हजार रुपयांची मदत जाहीर केली. वाड्या मात्र गुंठ्यांत मोजल्या जातात. हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला सुमारे 500 रुपये. एका गुंठ्यात दोन-तीन थरांची झाडे असतात, हे त्या हिशेबात बसत नव्हते. पुढे नारळ आणि सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा निर्णय झाला. तरीही मदत एकदाच मिळते आणि उत्पन्न कित्येक वर्षे थांबते.

इतरत्र काय घडले?

कॅरिबियन समुद्रातील ग्रेनेडा या छोट्या देशाच्या ध्वजावरच जायफळ आहे. एके काळी जायफळ उत्पादनात तो जगात दुसरा होता. सप्टेंबर 2004 मध्ये ‘आयव्हन’ वादळाने तिथली बहुतांश झाडे पाडली. अनेक शेतकरी लवकर हाती येणाऱ्या पिकांकडे वळले आणि देशाला आधीचे स्थान परत मिळाले नाही. रायगडमध्येही धोका हाच आहे. वाडी सावरेपर्यंत तग धरता आला नाही, तर किनाऱ्यालगतची जमीन विकण्याचा किंवा तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधण्याचा मोह सोपा असतो.

घरी काय लक्षात ठेवावे?

जायफळाची तयार पूड लवकर वास सोडते. अख्खे जायफळ घ्यावे, हवाबंद डब्यात ठेवावे आणि आयत्या वेळी किसावे. कॉफी उतरवताना घातले, तर सुगंध टिकतो. प्रमाण चिमूटभरच असावे, कारण काही ग्रॅम जायफळ पोटात गेल्यास मळमळ, धडधड आणि भ्रम होऊ शकतो. अलिबाग-श्रीवर्धनला जाणाऱ्यांनी परतताना पोह्याचे पापड आणि कोकमाबरोबर वाडीतले जायफळही विचारावे. नवी कलमे लावून वाट पाहणाऱ्या बागायतदाराला तेवढेच गिऱ्हाईक मिळेल.