पथक नसलेली गाइड
लेखमाला : शाळेबाहेरची शाळा – लेखांक 6

गेल्या लेखांकात आपण गाइडच्या पायऱ्या पाहिल्या. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. ही सगळी आखणी पथक गृहीत धरून केलेली आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ, अशा संघांचे मिळून पथक आणि पथकाच्या प्रमुख गाइड कॅप्टन. आता माधवनगरची एखादी सहावीतली मुलगी डोळ्यांपुढे आणा. तिच्या शाळेत पथक नाही. सांगलीतल्या ज्या शाळेत आहे, तिथे दुसऱ्या शाळेच्या मुलीला घेत नाहीत. मग तिने गाइड व्हायची इच्छा मनातच ठेवायची का?

मुळीच नाही. मुलींच्या या चळवळीची सुरुवातच मुळी पथकाविना झाली आहे. 1907 च्या ऑगस्टमध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलग्यांचे शिबिर घेतले. 1908 च्या जानेवारीपासून त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ पंधरवड्याला एक भाग याप्रमाणे छापले जाऊ लागले. पुस्तक मुलग्यांसाठी होते, पण घराघरांत ते बहिणींच्याही हाती पडले. त्यांनी आपापले संघ बनवले, दोऱ्या घेऊन गाठी मारल्या, काठ्या हातात घेऊन रानवाटा धुंडाळल्या. काहींनी तर नावाची फक्त आद्याक्षरे लिहून स्काउट म्हणून नोंदणीही करून टाकली. 4 सप्टेंबर 1909 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो स्काउट जमले, तेव्हा त्या गर्दीत काही मुलीही येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि त्यांना शिकवणारे कोणी नव्हते. त्यांच्या आग्रहामुळे 1910 मध्ये गर्ल गाइड्स ही संघटना उभी राहिली आणि बेडन-पॉवेल यांच्या भगिनी अ‍ॅग्नेस यांनी तिची धुरा घेतली. मुली आधी आल्या, संघटना मागून आली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

संघटना झाल्यावरही एकट्या मुलींचा विसर पडला नाही. दूरच्या शेतवाडीवर, दीपगृहापाशी किंवा लांबच्या वसाहतीत राहणाऱ्या मुलींसाठी ‘लोन गाइड’ची सोय झाली. त्यांचे पथक टपालाने चाले. कॅप्टन बाई एक लांब पत्र लिहीत. त्यात या महिन्यात काय शिकायचे ते असे, एखादे कोडे असे, कोणाचे काय चालले आहे त्याची खबर असे. पत्र एकीकडून दुसरीकडे जाई, प्रत्येकजण त्यात आपले पान जोडी आणि सगळ्यांचा हात फिरून ते बाईंकडे परत येई. अंथरुणाला खिळलेल्या मुलींसाठीही अशीच टपाल पथके निघाली. ऑस्ट्रेलियात अंतरेच इतकी मोठी की तिथे ही पद्धत चांगली रुजली.

अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो यांनी 12 मार्च 1912 रोजी सव्हाना शहरात अठरा मुलींची पहिली नोंद केली. तिथे आजही एखाद्या मुलीला पथकाविना स्वतंत्र सभासद होता येते आणि अशा मुलीला संस्थापिकेच्या नावावरून ‘ज्युलिएट’ म्हणतात. ती बॅज मिळवू शकते, शिबिराला जाऊ शकते, कुकीविक्रीत भाग घेऊ शकते आणि सर्वोच्च गोल्ड अवॉर्डसाठीही काम करू शकते. तिची बाजू सांभाळायला एका प्रौढ व्यक्तीने मात्र पुढे यावे लागते, बहुधा आई किंवा बाबा. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या ज्या मराठी घरांत मुलीच्या नाचाच्या आणि पोहण्याच्या वेळा पथकाच्या बैठकीशी जुळत नाहीत, त्यांनी ही वाट जरूर पाहावी.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. भारतात गाइडची पहिली तुकडी 1911 मध्ये जबलपूरला निघाली. स्वातंत्र्यानंतर 7 नोव्हेंबर 1950 रोजी स्काउटच्या वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स स्थापन झाली, गाइड्स तिच्यात 15 ऑगस्ट 1951 रोजी सामील झाल्या. तेव्हापासून हे काम मुख्यतः शाळांच्या आधाराने वाढले. त्याचा फायदा असा की खेड्यापाड्यांतल्या मुलींनाही स्कार्फ मिळाला, आपल्या आज्यांच्या पिढीत ‘वीरबाला’ हा शब्द घरोघरी पोचला. तोटा असा की शाळेने मनावर घेतले नाही तर मुलीपुढची वाटच खुंटते. त्यात आता दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब शिरला आहे. गुणांसाठी येणारी मुलगी नकोशी आहे असे मी म्हणणार नाही. पण गुण मिळत नाहीत म्हणून घरी बसलेल्या मुलीला कोणीतरी सांगायला हवे की गाइडचे खरे शिक्षण घराच्या अंगणातही सुरू होते.

दोरीपासून सुरुवात करू. कपडे वाळत घालायच्या दोरीचे दोन हात लांबीचे दोन तुकडे पुरेत. पहिली गाठ रीफ नॉट. उजवे टोक डाव्यावरून घालून वळवायचे, मग डाव्या बाजूला गेलेले तेच टोक पुन्हा उजवीकडच्या टोकावरून घालून वळवायचे. बरोबर बसली तर गाठ चपटी राहते आणि दोन्ही टोके आपापल्या दोरीला लगटून निघतात. दुसऱ्यांदा उलटे झाले तर टोके आडवी निघतात आणि ओढली की गाठ घसरते. चपटेपणाला इतके महत्त्व का, ते त्रिकोणी पट्टी बांधताना कळते. हात झोळीत अडकवल्यावर गाठ कॉलरच्या हाडापाशी येते. ती फुगीर असेल तर दुखऱ्या माणसाला आणखी टोचते. गुळगुळीत ओढणीवर ही गाठ टिकत नाही, सुती कापड घ्यावे. मुलीने आजीचा हात झोळीत बांधावा आणि टोचते का ते आजीलाच विचारावे. यापेक्षा चांगली परीक्षा कोणते पथक घेणार!

दुसरा अभ्यास नकाशाचा. शाळेच्या मैदानावर टेपने शंभर मीटर मोजून घ्यायचे, नेहमीच्या चालीने ते तीनदा चालायचे आणि पावलांची सरासरी काढायची. मग मोठ्या माणसाला बरोबर घेऊन घरापासून माधवनगर स्टेशनपर्यंत पावले मोजत जायचे. वाटेतली देवळे, दवाखाना, पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, बुधगावकडे फुटणारा रस्ता हे सगळे कागदावर आले पाहिजे. पहिला नकाशा वाकडा येतो, तिसरा बराच सुधारतो.

उत्तर दिशा शोधण्यासाठी ध्रुवतारा. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ध्रुव क्षितिजापासून तितक्याच अंशांवर दिसतो जितके आपले अक्षांश असतात. लंडनमध्ये तो 51 अंशांवर, म्हणजे चांगला उंच. माधवनगरमध्ये तो जेमतेम 17 अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच सापडतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सप्तर्षींतले पुलह आणि क्रतू जोडून रेषा पुढे न्यावी. थंडीत संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत, तेव्हा शर्मिष्ठेची मदत घ्यावी. वस्तीच्या दिव्यांपासून दूर, शिवाराकडेच्या गच्चीवरून हे नीट जमते.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जिव्हाळ्याची. ‘तयार’ हे गाइडचे ब्रीद आहे, आणि कृष्णाकाठाला तयारीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांचे पूर इथल्या प्रत्येक घराला आठवतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रातून हा आकडा वहीत उतरवणारी मुलगी ऑगस्टपर्यंत नदीची चढउतार ओळखू लागते. तिने घरासाठी एक यादी करावी. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत. आजोबांची आठवड्याची औषधे. टॉर्च, शिटी, सुकामेवा किंवा चिवडा, पिण्याचे पाणी. नदीकाठी राहणाऱ्या नातेवाइकांना घर सोडावे लागले तर कोण कुठे झोपेल, हेही आधी ठरलेले असावे. गल्लीत चालता न येणारे कोण, एकटे राहणारे कोण, बाळंतीण कोणत्या घरी आहे, याचीही माहिती हवी. ही यादी आईबाबांना दाखवून घरातच ठेवायची. पाणी पाहायला नदीवर मात्र जायचे नाही.

ऊस आणि द्राक्षांच्या या पट्ट्यात सर्पदंशाचा प्रथमोपचारही आलाच पाहिजे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखावेत, पण ओळख पटवण्यासाठी सापाच्या मागे लागू नये. दंश झालेल्या जागी कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून दोरी बांधायची नाही. माणसाला धीर द्यायचा, दंश झालेला हात किंवा पाय हाडमोडीसारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचे. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. घरातली मोठी माणसे अडून बसली तर बारा वर्षांच्या मुलीने ठामपणे बोलावे, एवढे धैर्य या शिक्षणातून यायला हवे.

या सगळ्याची एक वही ठेवावी. तारीख, काय केले, काय जमले नाही, कोणी पाहिले. तपासणारी व्यक्ती शक्यतो आई नसावी. शेजारच्या निवृत्त बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, शिवणकाम करणाऱ्या काकू, ज्यांना ते काम खरोखर येते त्यांनी सही करावी. रोजचे एक सत्कृत्य मात्र वहीत मिरवू नये असे माझे मत आहे.

आता एकटीने काय होत नाही तेही सांगतो. वचनदीक्षा, सोपानाची अधिकृत नोंद आणि पुरस्कार हे नोंदणी झालेल्या पथकातूनच मिळतात. त्याहून मोठी उणीव म्हणजे संघ. दमलेल्या मैत्रिणीची पिशवी आपल्या खांद्यावर घेणे, आपल्यापेक्षा लहान मुलीचे ऐकणे, सगळ्यांनी मिळून केलेला विनाभांड्याचा स्वयंपाक करपला तर मिळून हसणे, ‘खरी कमाई’चे, म्हणजे स्वतः काम करून मिळवलेले पैसे मोजताना एकमेकींवर विश्वास ठेवणे, हे वहीत बसत नाही. म्हणून एकटीने सुरुवात करावी, पण एकटीवरच थांबू नये. गल्लीतल्या आणखी पाच जणी जमल्या की संघाएवढी संख्या होते. शाळेबाहेर चालणारी खुली पथकेही भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये असतात. मध्य रेल्वेची तर वेगळी राज्य शाखाच आहे, मिरज जंक्शनवर नोकरी करणाऱ्या पालकांनी तिथे चौकशी करावी.

पुण्यात आळंदी रस्त्यावर ‘संगम’ आहे. जगभरच्या गाइड्सची जागतिक केंद्रे मोजकीच आहेत, त्यांतले हे एक. 16 ऑक्टोबर 1966 रोजी लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. माधवनगर स्टेशन पुणे-मिरज मार्गावरच आहे. सुट्टीत आधी कळवून, परवानगी घेऊन मुलीला तिथे जरूर घेऊन जा. परदेशातून आलेल्या तायांना भेटल्यावर आपण किती मोठ्या घरातल्या आहोत हे तिला कळेल.

माधवनगरच्या पालकांना एक विनंती. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच पालकसभेत गाइड पथकाचा विषय काढा. शाळेतल्या एका शिक्षिकेने गाइड कॅप्टनचे प्रशिक्षण घ्यायची तयारी दाखवली की पुढचे मार्गदर्शन जिल्हा कार्यालयातले गाइड विभागाचे संघटक करतात. तोपर्यंत मुलीच्या हातात दोरी आणि वही द्या. आणि शिक्षिका मिळत नसतील तर तुमच्यापैकीच एखाद्या आईने खुल्या पथकाची चौकशी करायला सांगलीला जावे.

(पुढील लेखांकात : खरी कमाई)