घरातली शाळा (लेखांक 9) : बायबलचा अभ्यासक्रम आणि योनाचा चौथा अध्याय

अमेरिकेत मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याची पद्धत, म्हणजे होमस्कूलिंग, 1993 पर्यंत सर्व पन्नास राज्यांत कायदेशीर ठरली, आणि ती स्वीकारणाऱ्या कुटुंबांत ख्रिस्ती कुटुंबांचा वाटा आरंभापासूनच मोठा राहिला. गणित किंवा वाचन यांबाबत काही राज्ये पालकांकडून हिशेब मागतात, पेन्सिल्व्हेनियात तर मुलाच्या वर्षभराच्या कामाची संचिकाच ठेवावी लागते. बायबलच्या अध्यापनाकडे मात्र कोणतेही राज्य डोकावत नाही. या विषयात काय निवडावे, किती शिकवावे आणि मुलाला ते कळले की नाही हे कसे ओळखावे, याचा सारा भार त्यामुळे आईवडिलांवर येतो, आणि नेमक्या याच ठिकाणी तयार अभ्यासक्रमांची बाजारपेठ उभी राहिली आहे.

या अभ्यासक्रमांतला सर्वांत परिचित प्रकार पाठ्यपुस्तक, स्वाध्यायपुस्तिका आणि शिक्षक-मार्गदर्शिका अशा संचाचा असतो. फ्लोरिडातील पेन्साकोला येथील अबेका आणि साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथील बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेस या प्रकाशनसंस्था 1970 च्या दशकात ख्रिस्ती शाळांसाठी पुस्तके तयार करण्याच्या उद्देशाने निघाल्या आणि पुढे त्यांची पुस्तके घरोघरी पोहोचली. वर्गातल्या अनेक मुलांना एका वेळी सांभाळण्याची सोय म्हणून रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय आणि ठरावीक चाचण्या शाळेत उपयोगी पडतात, परंतु स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या दोन-तीन मुलांना त्या सोयीची गरज नसते, कारण तेथे आई समोरच असते आणि मुलाला काय समजले हे तिला थेट विचारता येते.

दुसरा प्रकार याहून पुष्कळ जुना आहे. धर्मश्रद्धेची तत्त्वे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडून ती मुखोद्गत करून घेणे यास कॅटेकिझम म्हणतात. 1563 च्या हायडेलबर्ग कॅटेकिझममध्ये 129 प्रश्न असून ते वर्षाच्या 52 रविवारांत वाटलेले आहेत, तर 1640 च्या दशकात लंडनमध्ये सिद्ध झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या संक्षिप्त कॅटेकिझममध्ये 107 प्रश्न आहेत. पाठांतराला कमी लेखण्याचे काही कारण नाही, कारण लहानपणी पाठ केलेले वाक्य चाळिसाव्या वर्षीही हाताशी असते. मात्र केवळ प्रश्नोत्तरी शिकलेल्या मुलाला प्रश्न मनात उद्भवण्याआधीच त्याचे उत्तर मिळालेले असते, आणि ज्या कथांतून ते उत्तर निघाले त्या कथा त्याला अपरिचित राहू शकतात. प्रश्नोत्तरी आणि कथा या दोन्हींची आवश्यकता गोव्यातील जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओळखली होती असे दिसते, कारण नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक रचले, जे त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये राशोल येथे छापले गेले, आणि त्याआधीच, 1616 मध्ये, सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची संपूर्ण कथा मराठी ओवीत सांगणारे ख्रिस्तपुराणही प्रसिद्ध केले होते.

कोणताही संच विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा कशी करावी, याचे एक खात्रीचे साधन बायबलमधील योनाच्या पुस्तकात, म्हणजे शत्रूच्या निनवे नगरात जाण्याची देवाची आज्ञा टाळून पळणाऱ्या संदेष्ट्याच्या कथेत, सापडते. हे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे आहे, आणि मुलांसाठी लिहिलेल्या पुष्कळ पाठांत ते माशाने योनाला किनाऱ्यावर टाकले येथे, किंवा फार तर निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला येथे संपते, आणि 'देवाची आज्ञा पाळावी' असे तात्पर्य खाली छापलेले असते. चौथ्या अध्यायात मात्र शत्रूच्या नगराला क्षमा मिळाली म्हणून योना संतापतो, नगराबाहेर जाऊन बसतो, सावली देणारी वेल उगवली म्हणून आनंदतो आणि किड्याने ती खाल्ल्यावर मरण मागतो. त्यावर, उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरे जेथे आहेत त्या नगराची आपण कीव करू नये काय, असे देव त्याला विचारतो, आणि पुस्तक तेथेच संपते. योनाने काय उत्तर दिले हे मूळ ग्रंथ सांगत नाही. जो अभ्यासक्रम हा अध्याय वगळतो किंवा त्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या वतीने स्वतःच लिहून टाकतो, तो कितीही देखणा छापलेला असला तरी घेण्याजोगा नव्हे. कोवळ्या वयात शास्ते या पुस्तकातील हिंसक प्रसंग पुढे ढकलणे वेगळे, आणि कथेतला सर्वांत जड प्रश्न काढून टाकून उरलेल्यालाच बायबल म्हणणे वेगळे.

वापराच्या दृष्टीने इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (1842–1923) यांनी रूढ केलेली 'नॅरेशन' ही रीत घरातल्या शाळेला विशेष मानवते. तीत उतारा मूळ बायबलमधूनच एकदा शांतपणे वाचला जातो आणि नंतर मूल मध्ये कोणी न टोकता तो आपल्या शब्दांत सांगते. मार्गदर्शिकेचे काम त्यानंतर सुरू होते, म्हणजे निनवे कोठे होते, अश्शूरचे राज्य इस्राएलास का भयावह वाटे, योना ज्या याफो बंदरातून निघाला ते नकाशावर कोठे आहे, हे दाखवण्याचे. सहा वर्षांच्या मुलाने मासा आणि वेल एवढेच सांगितले आणि अकरा वर्षांच्या बहिणीने योनाचा राग सांगितला, तरी दोघांचा पाठ एकच असतो, त्यामुळे प्रत्येक इयत्तेचा वेगळा संच घेण्याचा खर्चही वाचतो.

वेळेचा हिशेब मात्र आरंभीच मांडावा लागतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत, तर कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकांची संख्या 73 असल्याने आपल्या पंथाचा संच कोणता हे आधी पाहणे भाग असते. वर्षाला 36 आठवडे आणि आठवड्याला चार अध्याय असे धरले, तरी प्रॉटेस्टंट बायबल पूर्ण होण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. एका वर्षात सर्व काही 'पूर्ण' करून देण्याचे आश्वासन देणारा संच पुष्कळ भाग गाळूनच ते पाळू शकतो, म्हणून त्याच्या अनुक्रमणिकेत कोणते अध्याय नाहीत हे पालकांनी बायबल शेजारी उघडून ताडून पाहावे, आणि जे गाळले असेल ते पुढच्या वर्षांच्या आराखड्यात नोंदवून ठेवावे.